सूनबाईने सांगितलेला सिनेमा

बसस्थानकावर तिला सगळे आकाशवाणी म्हणत. वरच्या मजल्यावर एक काचेची खोली होती, तिथे बसून ती गाड्या पुकारायची. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा येणार, कुणाची पिशवी चौकशीच्या खिडकीवर येऊन पडली आहे, हे सगळं तिच्या तोंडून खाली उतरायचं. ती स्वतः फारशी कुणाच्या नजरेला पडायची नाही. पण तिचा आवाज आला की बोचकी सांभाळत धावणारी माणसं जरा दमानं चालायला लागत. घाई करा असं सांगतानासुद्धा तिच्या आवाजाला घाई नसायची.

त्याच स्थानकामागच्या वर्कशॉपात मिस्त्री ब्रेकचं काम करायचे. गाडीखाली उताणे पडलेले, हात ग्रीसने माखलेले आणि कानावर हा आवाज. त्यामुळे मुलाने एक दिवस घरी येऊन, "बाबा, मी लग्नाचं म्हणत होतो... ती स्थानकावरची..." असं चाचरत सुरू केलं तेव्हा मिस्त्रींनी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. "तू आत्ता पाहिली असशील. मी तिला कितीतरी वर्षं ऐकतोय. आण घरी." हा किस्सा ते पुढे येईल त्याला ऐकवायचे. सून घरात आली, त्यांची सूनबाई झाली, आणि ते तिचे बाबा.

मिस्त्रींना शौक दोनच. कडक चहा आणि रहस्यपट. खुनी कोण ते मध्यंतराच्या आत ओळखलं नाही तर त्यांचा तो आठवडा वाईट जायचा. बायको हयात असताना ती थिएटरात त्यांच्या शेजारी बसायला नाखूश असायची, कारण मिस्त्री कुजबुजायचे, आणि मिस्त्रींची कुजबुज म्हणजे गाडीचा हॉर्न. "डॉक्टर! तो डॉक्टरच आहे, बघ तू!" पुढच्या तीन रांगा वळून बघत. निम्म्या वेळा तो डॉक्टर नसायचाच.

निवृत्तीनंतर भरपूर सिनेमे बघायचे असा त्यांचा बेत होता. तो काचबिंदूने उधळला. आधी एक डोळा गेला, तो गेल्याचं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दुसरा जायला लागला तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. ज्या माणसाने आयुष्यात कुणाला हातातला पाना घेऊ दिला नाही, त्याला आता चहाचा कप कुठे आहे ते विचारावं लागत होतं. ते चिडचिडे झाले. जिन्यावर कुणी दंडाला धरलं की झटकून टाकायचे, आणि एकदा त्या नादात चार पायऱ्या घसरून कोपर सोलून घेतलं. टीव्ही तर त्यांनी वर्ज्यच केला. मुलगा फ्रिज दुरुस्तीची कामं करून दमून यायचा, तरी बिचारा एक-दोनदा बापाजवळ बसला. पण त्याला सांगता यायचं नाही.

"आता काय चाललंय?"

"चाललाय तो."

"कुठे चाललाय?"

"असाच. अजून चाललाय."

"मर तिकडे," म्हणून मिस्त्री उठून जायचे.

सूनबाईने सांगायला सुरुवात केली ती काही ठरवून नव्हे. एका दुपारी ती वाळलेले कपडे घेऊन घड्या घालायला बसली होती, टीव्हीवर कुठलासा सिनेमा लागला होता, आणि मिस्त्री पाठ फिरवून खुर्चीत बसले होते. अचानक टीव्हीवर काच फुटली. मिस्त्रींची मान नको म्हणत असतानाही वळली. सूनबाईच्या ते लक्षात आलं. घड्या घालता घालता ती म्हणाली, "खिडकी फुटलीय. पण काचा बाहेर पडल्यात, अंगणात."

मिस्त्री पाठमोरेच म्हणाले, "म्हणजे आतून फोडली."

"तसं दिसतंय."

"म्हणजे चोर आला हे खोटं आहे." असं म्हणून त्यांनी खुर्ची टीव्हीकडे वळवली, ती कायमची.

तिच्या ते अंगातच होतं म्हणायचं. दोन संवादांच्या मधल्या फटीत ती बरोबर मावायची. पात्र बोलत असताना कधी तोंड घालायची नाही. खोली दाखवली की आधी दार कुठे ते सांगायची, मग माणसं. "दार तुमच्या डाव्या हाताला. बाई खिडकीशी. तो तिच्या मागे उभा आहे, पण लांब." मिस्त्री डोळे मिटून ऐकत, कारण उघडे ठेवण्यात आता काही हशील नव्हतं, आणि मिटले की जुन्या थिएटरात बसल्यासारखं वाटायचं. त्यांची कुजबुजही परत आली. मुलगा म्हणाला, शेजाऱ्यांना बरं वाटलं असेल, बाबा पुन्हा ओरडायला लागले.

तर अशा दिवसांत तो तळ्याचा सिनेमा लागला.

गोष्ट साधी होती. दोन बहिणी, थोरली आणि धाकटी. एका मोठ्या तळ्याकाठी थोरलीच्या नवऱ्याचं छोटं लॉज असतं. एके संध्याकाळी नवरा-बायको होडीतून जातात आणि बायको एकटी परत येते. तोल गेला, बुडाला, मला सापडला नाही, असं ती पोलिसांना सांगते. धाकटी त्या वेळी माझ्याबरोबर होडीत होती, तिनेही पाहिलं, असंही ठोकून देते. धाकटी होडीत नव्हतीच. पण पोलिसांनी विचारल्यावर तीही हो म्हणते. पुढे धाकटीला कोठीत, पिठाच्या डब्यामागे, थोरलीने लपवलेलं मेहुण्याचं तरंगायचं जाकीट सापडतं. जे घातल्याशिवाय तो कधी होडीत पाय ठेवायचा नाही, तेच. ती ते पुन्हा जागच्या जागी ठेवते. पोलीस निघून जातात. आणि मग एक दिवस थोरली म्हणते, "चल, जरा तळ्यात फेरी मारून येऊ." धाकटीला पोहता येत नाही. तरी ती जाऊन बसते.

मिस्त्री खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते. "बसू नको गं, बसू नको," ते टीव्हीला सांगत होते.

तळ्याच्या मधोमध धाकटी विचारते, "त्या दिवशी काय झालं?" थोरली उठून उभी राहते. होडी हेलकावते आणि धाकटी पाण्यात. थोरली वाकून हात पुढे करते.

आवाज थांबले. नुसतं पाणी आणि होडीच्या काठावर आपटणारं वल्हं.

"मग?" मिस्त्रींनी विचारलं.

उत्तर आलं नाही.

"सूनबाई, मग? धरला का हात?"

"हो," सूनबाई म्हणाली. "धरला हात."

मिस्त्रींनी भला मोठा श्वास सोडला. "मला ठाऊकच होतं," ते म्हणाले. "कितीही झालं तरी पाठची बहीण आहे." आणि कितीतरी दिवस त्यांना तो सिनेमा पुरला. थोरलीने नवऱ्याला मारलं असेलही, पण शेवटी बहिणीला वाचवलं, म्हणजे तिच्यात माणूस शिल्लक होता, असं ते मुलाला समजावून सांगायचे. मुलाने सिनेमा पाहिला नव्हता, त्यामुळे तो हो हो करायचा.

काही महिन्यांनी तो सिनेमा पुन्हा लागला. त्या दिवशी मिस्त्री तपासणीसाठी दवाखान्यात होते. दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे ते बागेतल्या बाकावर गेले, तर तिथे आधीच रणकंदन माजलेलं. निवृत्त कंडक्टर आणि शिंपी हे त्यांचे दोन जुने मित्र. कंडक्टरचा आवाज चढलेला, शिंपी हट्टाला पेटलेला.

"बुडवलंच तिने," कंडक्टर म्हणत होता. "नवऱ्याला बुडवलं तशीच बहिणीला. हात पुढे केला तो वर ओढायला नाही, खाली दाबायला."

"अहो, तो प्रश्नच नाही," शिंपी म्हणाला. "धाकटीनेच धरला नाही. अशा हाताचा आधार नको म्हणाली ती मनात."

मिस्त्री हसत हसत मध्ये पडले. "काय वेड्यासारखं भांडताय! तिने हात धरला की. वाचली ती."

दोघांनीही त्यांच्याकडे वळून पाहिलं. मग कंडक्टर म्हणाला, "कुठे दाखवलंय?"

"शेवटी."

"शेवटी काळोख होतो, मिस्त्री. पडदा काळा. नुसतं पाणी ऐकू येतं."

"माझ्या सुनेने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय!"

"मग तुमच्या घरचा टीव्ही वेगळा असेल," कंडक्टर म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं. शेजारच्या बाकावरच्या दोघांनीही तो सिनेमा पाहिला होता, त्यांना विचारलं. तेही म्हणाले, काळोख होतो, पुढचं दाखवतच नाहीत. मिस्त्री चांगलेच तोंडघशी पडले. काठी शोधायच्या निमित्ताने ते खाली वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

घरी आल्यावर त्यांनी लगेच काही विचारलं नाही. पण मनात किडा शिरला तो शिरलाच. तिने हे खोटं सांगितलं, तर आणखी काय काय खोटं सांगितलं असेल? गेल्या वर्षी बैठकीच्या खोलीला रंग दिला, तो फिकट पिवळा आहे असं ती म्हणाली होती. समोरच्या गच्चीवरच्या वेलीला फुलं आलीत असं सांगितलं होतं. हा सदरा तुम्हाला शोभतो, म्हणाली होती. त्यांच्या जवळ जे काही डोळ्यांचं होतं ते सगळं तिच्या शब्दावर उभं होतं, आणि त्यातला एक शब्द निघाला तर बाकीचं किती टिकेल, याचा त्यांना अंदाज येईना. दोन दिवस ते तिच्याशी तुटक वागले. भिंतीवरून हात फिरवून बघितला, जणू पिवळा रंग बोटाला लागणार होता.

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी विचारलंच. मुलगाही घरात होता.

"सूनबाई, त्या तळ्याच्या सिनेमात तिने हात धरला होता?"

कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. "नाही," ती म्हणाली. "म्हणजे, धरला की नाही ते दाखवलं नाही. पडदा काळा होतो."

"मग मला का सांगितलंस?"

ती काही बोलायच्या आत मुलगा मध्ये आला. "बाबा, मी सांगतो. आठवा, तेव्हा तुम्ही कुणाला हात लावू देत नव्हता. जिन्यावरून पडलात, तरी नाही. तिला तुमची काळजी वाटायची. त्या बाईने हात धरला असं ऐकून तुम्हीही धराल, म्हणून ती तसं म्हणाली असेल. आणि बघा ना, त्याच आठवड्यात तुम्ही जिना उतरताना तिचा हात धरलात!"

मिस्त्रींनी मनाशी ताळा केला. हिशोब अगदी चोख बसत होता. इतकी वर्षं रहस्यपट पाहिले, आणि आपल्याच घरातलं रहस्य आपल्याला उलगडलं नाही. त्यांनी तिच्या दिशेने हात पुढे करायला सुरुवातही केली होती.

"थांब ना रे, उगाच काहीतरी सांगू नको," सूनबाई नवऱ्याला म्हणाली. मग सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, असलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. त्या दिवशी पहाटेची पाळी करून आले होते. डोळे मिटत होते. पडदा काळा झाला आणि तुम्ही मग मग करायला लागलात. दाखवलं नाही असं म्हटलं असतं तर तुम्ही संध्याकाळपर्यंत मला सोडलं नसतं. म्हणून धरला म्हटलं, आणि आत जाऊन झोपले."

"झोपलीस?"

"गाढ."

मुलाला काय करावं कळेना, त्याने बिस्किटाचा डबा उघडून पुन्हा बंद केला.

मिस्त्रींना आधी लागलं. मग हळूहळू दुसरीच गोष्ट लक्षात यायला लागली. मोठेपणा तिच्यासमोर आयता ताटात वाढून ठेवला होता. नवऱ्याने वाढला होता, सासरा हात जोडायच्या बेतात होता. तिने नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं, आणि ती हलली की नाही हे मिस्त्रींना कळलंही नसतं. तिने ते ताट बाजूला सारलं आणि स्वतःची झोप पुढे ठेवली. असं माणूस भिंतीच्या रंगाबद्दल कशाला खोटं बोलेल?

"भिंत पिवळी आहे ना?" तरीही त्यांनी विचारलं.

"पिवळी होती. आता टीव्हीच्या मागे काळपट झालीय. आणि तो सदरा कॉलरला विरलाय, ते मी सांगायचं टाळलं होतं, कारण तुम्ही तो टाकला नसता आणि वर चिडला असता."

मिस्त्री खो खो हसायला लागले. कितीतरी दिवसांनी असे हसले.

"चुकलं माझं," हसणं ओसरल्यावर ती म्हणाली. "परत बघू तो सिनेमा, मोबाईल टीव्हीला जोडून. सुटीच्या दिवशी, झोप काढून. या वेळी दिसेल तेवढंच सांगेन."

तिने कानाला खडा लावला होता आणि तो फार कडक लावला होता, हे मिस्त्रींना लवकरच कळलं. सिनेमा तोच, आवाज तोच, पण गोष्ट भलतीच व्हायला लागली. मागच्या वेळी थोरली डोळे वटारायची. या वेळी सूनबाई म्हणाली, "बघतेय. पापणी हललेली नाही." मागच्या वेळी थोरली दात-ओठ खात जाकीट लपवायची. या वेळी, "जाकीट छातीशी धरलंय. उभी आहे. अजून उभी आहे. आता डब्यामागे सारलं."

"रागाने?" मिस्त्रींनी विचारलं.

"माहीत नाही, बाबा. पाठमोरी आहे."

"रडतेय का?"

"खांदे हलत नाहीत."

मिस्त्री वैतागले. "मागच्या वेळी ही बाई चांगली दुष्ट होती!"

"मागच्या वेळी मीच तिला दुष्ट केलं होतं," सूनबाई म्हणाली. तिलाही ते बोलताना नवल वाटलं असावं, कारण तिने सिनेमा थांबवला आणि पाणी पिऊन आली. तिला स्वतःला तोवर वाटत होतं की एका शेवटच्या शब्दाचीच काय ती चूक झाली. आता तिच्या ध्यानात येत होतं की पहिल्या दृश्यापासून ती मीठमसाला घालत होती, आणि तोही न कळत. थोरली तिला आवडली नव्हती, एवढंच कारण. मग मिस्त्रींनाही ती कशी आवडणार?

शेवट आला. "धाकटी पाण्यात. एक हात होडीच्या काठावर होता, तो सुटला. थोरली वाकली. उजवा हात पुढे केलाय. पंजा उघडा. धाकटी त्या हाताकडे बघतेय. वर चेहऱ्याकडे नाही, हाताकडे. तिचा हात पाण्यातून वर येतोय." आणि मग, "काळोख. आता काही दिसत नाही."

पाणी. वल्हं. दोघंही ऐकत राहिली. या वेळी मिस्त्रींनी "मग?" असं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाकावर जाऊन त्यांनी प्रांजळपणे सांगितलं, "तुमचं खरं होतं. दाखवलेलं नाही." आणि मग कुरघोडी केल्याच्या सुरात, "पण ती हाताकडे बघत होती, चेहऱ्याकडे नाही, हे तुमच्यापैकी कुणी पाहिलं?"

कंडक्टरने पाहिलं नव्हतं. शिंप्यालाही आठवेना. "हे कुणी सांगितलं?"

"आमच्या आकाशवाणीने."

त्यातूनच पुढचं निघालं. कंडक्टर म्हणाला, तिला एकदा आमच्यासमोर आणा. बसस्थानकावर ड्रायव्हरांच्या विश्रांतीची एक खोली होती. लोखंडी कॉट, जुना सोफा, भिंतीवर मोठा टीव्ही. रविवारी दुपारी तिथे फारसं कुणी नसे. डेपोच्या व्यवस्थापकाला आकाशवाणीनेच विचारलं आणि तो हो म्हणाला, कारण तिला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. पहिल्या रविवारी मिस्त्री, कंडक्टर आणि शिंपी एवढेच आले. मग मिस्त्रींना दवाखान्यात भेटलेले एक मालीशवाले आले, त्यांचीही नजर गेलेली. त्यांनी टेलिफोनवाल्या बाईंना आणलं. या बाई जन्मापासून अंध, एका मोठ्या कचेरीत फोन जोडून द्यायचं काम करून निवृत्त झालेल्या, आणि बोलायला फटकळ.

पहिल्याच दिवशी बाईंनी आकाशवाणीचं घोडं अडवलं. तिने कुणाबद्दल तरी म्हटलं होतं, "चेहरा दगडासारखा."

"थांबा," बाई म्हणाल्या. "दगड मला माहीत आहे. गार असतो, खरखरीत असतो. चेहरा गार होता का?"

"नाही... म्हणजे, हलत नव्हता."

"मग हलत नव्हता म्हणा ना."

दुसरी कुणी असती तर चिडली असती. आकाशवाणी चिडली नाही. पुढच्या रविवारी ती घरून तयारी करून आली. सिनेमा आधी एकदा स्वतः बघून, ओठ हलले की गाल, मान खाली गेली की नुसती नजर, हे नीट ठरवून. "एका कामाची दोन कामं झाली तुला," असं मिस्त्री हळहळले तर म्हणाली, "स्थानकावर मला लिहून देतात तेच वाचते, बाबा. इथे माझं मला बघावं लागतं." आणि मजा म्हणजे ज्यांना दिसत होतं तेही तिच्या सांगण्याला चटावले. शिंपी तर डोळे मिटून बसायला लागला. तिने सांगितलं की जास्त दिसतं, असं त्याचं म्हणणं.

तळ्याचा सिनेमा तिथे लागणारच होता. लागला. संपला. आणि मग जो गलका उडाला तो विचारू नका.

कंडक्टर आपल्या जागेवरून हलायला तयार नव्हता. थोरली खुनी, हिला पण मारणार, कारण साक्षीदार एकच. शिंपी म्हणाला, खुनी असली तरी का झाली ते बघा, त्या नवऱ्याच्या घरात तिचा आवाज आपण किती वेळा ऐकला? तो असेपर्यंत ती धड दोन वाक्यं बोलत नाही. मिस्त्रींनी आपला मुद्दा काढला. "शेवटी पाणी ऐका. आधी दोन्ही बाजूंनी लागतंय, मग एकाच बाजूला लागतं. होडी कलली. म्हणजे वजन आलं. म्हणजे धाकटीने काठ किंवा हात, काहीतरी धरलं."

"किंवा थोरलीने उडी टाकली," मालीशवाले शांतपणे म्हणाले. "उडी टाकली तरी होडी कलते."

मिस्त्रींना हे सुचलंच नव्हतं. त्यांनी कपाळाला हात लावला.

टेलिफोनवाल्या बाईंनी पोलीस ठाण्यातल्या खोट्या जबाबावर बोट ठेवलं. थोरलीने धाकटीला उगाच कशाला गोवलं? पुढेमागे तिच्यावर ढकलता यावं म्हणून, की एकटीला त्या होडीत बसवेना म्हणून? यावर पुन्हा वाद. सगळं बोलून झाल्यावर बाईंनी मान आवाजाच्या दिशेने वळवली. "आणि सांगणाऱ्या बाईंना काय वाटतं?"

"मी सांगायचं काम करते," आकाशवाणी म्हणाली. "माझं मत घातलं की काय होतं ते एकदा बघितलंय मी."

"सिनेमा संपला की आता," मिस्त्री म्हणाले. "आता सांग. मला ऐकायचंय."

आणि हे बोलताना त्यांच्या लक्षात आलं की इतक्या सिनेमांत, इतक्या दुपारींत, त्यांनी तिला काय दिसतंय हे हजारदा विचारलं होतं आणि काय वाटतं हे एकदाही नाही.

तिने रिमोट खाली ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही सगळे थोरलीबद्दल भांडताय. मारलं का, का मारलं, वाचवणार का. मी तो सिनेमा इतक्या वेळा पाहिला, मला धाकटीचंच कोडं पडतं. तिला जाकीट सापडलंय. तिला सगळं कळलंय, किंवा कळल्यासारखं आहे. पोहता येत नाही. पोलीस गेलेत. ती गप्प राहून जगू शकली असती. मग ती होडीत बसली कशाला?"

"भोळी म्हणून," कंडक्टर म्हणाला.

"भोळी असती तर जाकीट होतं तसं परत ठेवलं नसतं. नाही. मला वाटतं, तिनेही ठाण्यात हो म्हटलं होतं. न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून सांगितली होती. तेव्हापासून तिला त्या होडीत काय झालं ते माहीत असल्यासारखं जगावं लागत होतं, आणि माहीत तर काहीच नव्हतं. सांगू शकणारं माणूस जगात एकच. ते फक्त त्या होडीत सांगेल, हे तिला ठाऊक होतं. म्हणून बसली. जिवावर उदार होऊन वगैरे नाही. तिला ते नुसतं ऐकायचं होतं."



"आणि हात?" शिंप्याने विचारलं.

"हाताचं मला माहीत नाही. पण धाकटी पाण्यात पडायच्या आधी थोरलीचं तोंड उघडलं होतं. ती काहीतरी सांगणार होती. ते मी मघाशी सांगितलं होतं, तुमच्या कुणाच्या लक्षात राहिलं नाही."

"उघडलं होतं?" कंडक्टर ताडकन उठला. "लावा परत! ते लावा परत!"

लावलं. तोंड उघडलं होतं. पण ते बोलायला की ओरडायला, यावर कंडक्टर आणि शिंपी यांची अशी जुंपली की पहारेकरी किल्ल्या घेऊन दोनदा डोकावून गेला आणि तिसऱ्यांदा आत येऊन स्वतःच सोफ्यावर बसला.

मिस्त्री मात्र त्या वादात पडले नाहीत. ते धाकटीचा विचार करत होते. भरल्या खोलीत त्यांनी टेलिफोनवाल्या बाईंकडे झुकून, त्यांच्या मते अगदी हळू आवाजात, विचारलं, "कशी वाटली आमची सूनबाई?"

त्यांची कुजबुज सगळ्या खोलीने ऐकली, पहारेकऱ्यानेही.

"सांगते बरी," बाई म्हणाल्या. "पण आजपासून शेवटी मत सांगितल्याशिवाय सोडायची नाही तिला."

तेव्हापासून रविवारचा तोच नेम झाला. आधी सिनेमा, त्यात तिने दिसेल तेवढंच सांगायचं. मग चहा आणि भांडण. आणि सगळ्यांचं बोलून झालं की तिचं. पुढे कॅन्टीनमधून खुर्च्या मागवाव्या लागायला लागल्या. ती काय म्हणते ते सगळ्यांना पटायचंच असं नाही. एकदा तर मिस्त्रींनाच पटलं नाही, आणि सासरा-सून घरी जाईपर्यंत वाटेत तावातावाने वाद घालत गेली, तो डॉक्टर निर्दोष होता की नव्हता यावर.